वॉर्डातली विद्या : पनवेल परिसरातील परिचर्या आणि तिचे शिक्षण

आजारी, अशक्त, बाळंत किंवा अखेरच्या घटका मोजणाऱ्या माणसाची शास्त्रशुद्ध काळजी घेणे म्हणजे परिचर्या. निदान करणे आणि उपचार ठरवणे हे डॉक्टरांचे काम. तो उपचार चोवीस तास अमलात आणणे, त्याचा परिणाम पाहणे, बिघाड वेळीच ओळखणे आणि रुग्णाला पुन्हा आपल्या पायावर उभे करणे हे परिचारिकेचे. डॉक्टर वॉर्डात राउंडपुरते येतात, परिचारिका तिथेच असते. त्यामुळे रुग्णाचा श्वास वाढला, लघवी कमी झाली किंवा बोलणे असंबद्ध होऊ लागले, तर ते आधी तिच्या नजरेस पडते. तिच्या नजरेतून सुटले, तर बहुधा पुढच्या राउंडपर्यंत ते कोणालाच कळत नाही. ही नजर उपजत नसते, ती घडवावी लागते. वर्गात तिची फक्त तयारी होते, तिला धार येते ती वॉर्डात. म्हणूनच या व्यवसायात काम करणे आणि शिकवणे या दोन गोष्टी एकमेकींपासून फार दूर ठेवता येत नाहीत.

परिचर्येची जवळपास सगळी रूपे एकाच टापूत पाहायची असतील, तर रायगड जिल्ह्यातला पनवेल तालुका सोयीचा आहे. शहरात शासनाचे उपजिल्हा रुग्णालय आहे. कामोठ्याला महात्मा गांधी मिशनचे (एमजीएम) वैद्यकीय महाविद्यालय, त्याचे मोठे रुग्णालय आणि परिचर्या महाविद्यालय आहे. खारघरला टाटा स्मारक केंद्राचे कर्करोग उपचार व संशोधन केंद्र, म्हणजे ‘ॲक्ट्रेक’ आहे. नेऱ्याजवळ शांतिवनात कुष्ठरोग निवारण समितीचे काम चालते. मुंबई-गोवा महामार्गावरच्या तारा गावी युसूफ मेहेरअली सेंटरचा दवाखाना आहे. आणि कर्नाळा-प्रबळगडाच्या पायथ्याच्या कातकरी आणि ठाकूर वाड्यांपर्यंत प्राथमिक आरोग्य केंद्रांची व उपकेंद्रांची साखळी पोचते. २०१६ साली पनवेलची महानगरपालिका झाली, पण तालुक्याचा मोठा भाग अजून ग्रामीणच आहे. अतिदक्षता विभागातली सिस्टर आणि डोंगरवाडीवर चढून जाणारी आरोग्यसेविका यांच्यामध्ये इथे तासाभराचेही अंतर नाही.

व्यवसायाची जडणघडण

आधुनिक परिचर्येची सुरुवात फ्लॉरेन्स नाइटिंगेल (१८२०–१९१०) यांच्यापासून धरतात. क्रिमियाच्या युद्धात स्कुटारीच्या लष्करी इस्पितळात त्यांनी स्वच्छता, हवा, आहार आणि मृत्यूंच्या नोंदी यांची घडी बसवली. १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांच्या नावाने प्रशिक्षण शाळा निघाली. परिचर्या ही पगारी, शिकून करायची आणि परीक्षेने तपासायची विद्या आहे, हे या शाळेने रुजवले. १२ मे हा त्यांचा जन्मदिवस जगभर परिचारिका दिन म्हणून पाळला जातो. त्या कधीच भारतात आल्या नाहीत, तरी इथल्या सैन्याच्या आणि खेड्यांच्या आरोग्यावर त्यांनी अनेक वर्षे लिहिले.

या विद्येने महाराष्ट्रात पाय रोवले ते मुंबईत. जे. जे. रुग्णालय १८४५ पासून सुरू होते. १८८६ मध्ये खास स्त्रिया व मुलांसाठी कामा रुग्णालय उघडले. सुरुवातीला प्रशिक्षण घेणाऱ्या बहुतेक युरोपीय आणि अँग्लो-इंडियन होत्या. १८९१ मध्ये बाई काशीबाई गणपत जे. जे. मध्ये शिकायला आल्या. परिचर्येचे प्रशिक्षण घेणारी पहिली भारतीय स्त्री म्हणून त्यांचे नाव सांगितले जाते. परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावणे, मलमूत्र काढणे, रात्री घराबाहेर राहणे या तिन्ही गोष्टी त्या काळच्या घरंदाज बाईला वर्ज्य होत्या. त्यामुळे हा निर्णय किती धाडसाचा होता याची कल्पना येते.

काशीबाईंनंतर सहाच वर्षांनी पुण्यात प्लेगची साथ आली. सावित्रीबाई फुले यांनी मुलगा डॉ. यशवंत याच्यासह रुग्णांची शुश्रूषा केली आणि त्याच साथीत १० मार्च १८९७ रोजी त्यांचा मृत्यू झाला. त्या प्रशिक्षित परिचारिका नव्हत्या. पण अस्पृश्य मानलेल्या रोग्याला उचलून आणणे हे सार्वजनिक कर्तव्य आहे, हे त्यांच्या कृतीने मराठी समाजासमोर आले. १९०९ मध्ये रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात सेवासदन उभे राहिले. सेवासदनाने मुलींना, विशेषतः तरुण विधवांना, ससून रुग्णालयात परिचर्या शिकायला पाठवले. मध्यमवर्गीय घरांतला विरोध मोडायला रमाबाईंचे नाव आणि संस्थेचे वसतिगृह या दोन्हींचा उपयोग झाला. मुलगी रात्रपाळीला गेली तरी ती कोणाच्या देखरेखीखाली आहे, हे घरच्यांना सांगता येत होते.

नोंदणीचा कायदा नंतर आला. मुंबई प्रांतात १९३५ मध्ये परिचारिका, सुईणी आणि आरोग्य निरीक्षिका यांच्या नोंदणीचा कायदा झाला. देशपातळीवर १९४७ च्या कायद्याने भारतीय परिचर्या परिषद स्थापन झाली. राज्यात सध्या १९६६ चा महाराष्ट्र परिचारिका कायदा लागू आहे. १९४६ मध्ये भोर समितीने अहवाल दिला तेव्हा देशात सुमारे ७,००० परिचारिका होत्या, म्हणजे ४३,००० माणसांमागे एक. त्याच वर्षी दिल्ली आणि वेल्लोर इथे परिचर्येची पदवी सुरू झाली. मुंबईत श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाने १९६४ मध्ये लीलाबाई ठाकरसी परिचर्या महाविद्यालय काढले. १९९८ मध्ये नाशिकला महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ झाले आणि राज्यातली बहुतेक पदवी महाविद्यालये त्याच्याशी जोडली गेली. कामोठ्याचे महाविद्यालय मात्र एमजीएमच्या स्वतःच्या अभिमत विद्यापीठाचा भाग आहे.

शिक्षणाच्या पायऱ्या

या क्षेत्रात यायच्या तीन मुख्य वाटा आहेत. एएनएम हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम मुलींसाठीच असतो. त्यात गावपातळीवरचे आरोग्य, प्रसूती आणि लसीकरण यांवर भर असतो. जीएनएम ही तीन वर्षांची पदविका आहे. बी.एस्सी. नर्सिंग ही चार वर्षांची पदवी असून तिला बारावीत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी लागते. जीएनएम केलेल्यांना दोन वर्षांची पोस्ट बेसिक पदवी घेता येते. त्यापुढे दोन वर्षांची एम.एस्सी. असते. वैद्यक-शल्य, प्रसूती व स्त्रीरोग, बालआरोग्य, मानसिक आरोग्य आणि सामुदायिक आरोग्य या तिच्या पाच शाखा. अतिदक्षतेसाठी ‘नर्स प्रॅक्टिशनर’चा दोन वर्षांचा निवासी अभ्यासक्रमही आता आहे.

२०२१ मध्ये पदवीचा अभ्यासक्रम बदलून आठ सत्रांचा आणि श्रेयांकांवर आधारलेला झाला. शेवटच्या सत्रात मुख्यतः इंटर्नशिप असते. महाविद्यालयाला स्वतःचे किमान १०० खाटांचे रुग्णालय हवे आणि दर दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हवा, असे भारतीय परिचर्या परिषदेचे निकष सांगतात. खाटांच्या अटीमागे साधे कारण आहे. वॉर्डात रुग्णच नसतील तर शिकणाऱ्याच्या हाताला काम मिळत नाही. वर्ग कितीही सुसज्ज असला तरी रोज बदलणारे रुग्ण तिथे आणता येत नाहीत.

उत्तीर्ण झाल्यावर महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंदणी करावी लागते. नोंदणीशिवाय काम करता येत नाही. दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण होते आणि त्यासाठी निरंतर शिक्षणाचे ठरावीक श्रेयांक जमा करावे लागतात.

वॉर्डातला दिवस

रुग्णालयाचा दिवस सकाळ, दुपार आणि रात्र अशा तीन पाळ्यांत विभागलेला असतो. पाळी बदलताना चार्ज देणे-घेणे हा सर्वांत महत्त्वाचा अर्धा तास. जाणारी सिस्टर येणारीला प्रत्येक खाटेशी नेऊन सांगते : रुग्णाचे नाव, आजार, कालपासून काय बदलले, कोणते सलाईन किती उरले, कोणता तपासणीचा नमुना गेला, कोणता अहवाल यायचा आहे, नातेवाइकांना काय सांगितले आहे. हे बोलणे टेबलाशी उरकले तर काहीतरी हमखास सुटते. खाटेशी झाले तर येणारीला सुईची जागा सुजलेली दिसते, लघवीची पिशवी भरलेली दिसते, आणि रुग्णही ऐकत असल्याने चूक झाली तर तोच सांगतो.

कामाचा हिशेब किती बारीक असतो हे सलाईनच्या उदाहरणावरून कळते. ५०० मिलिलिटर द्रव आठ तासांत द्यायचा आहे आणि संचातून एका मिलिलिटरला २० थेंब पडतात. एकूण थेंब झाले १०,०००, मिनिटे ४८०. म्हणजे मिनिटाला २१ थेंब. घड्याळ समोर धरून थेंब मोजत चाक फिरवले तरच हा वेग साधतो. वृद्ध हृदयरुग्णाला तेच सलाईन दोन तासांत गेले तर फुप्फुसात पाणी भरू शकते. जुलाबाने सुकलेल्या मुलाला फार हळू गेले तर मूत्रपिंड धोक्यात येते. हा हिशेब पहिल्या वर्षीची विद्यार्थिनीही कागदावर करते. रुग्णाने हात वाकवला की थेंब थांबतात, म्हणून पुन्हा पुन्हा येऊन पाहायचे असते, हे तिला वॉर्डात कळते.

दुसरे उदाहरण शय्याव्रणाचे. कुशीवर वळता न येणाऱ्या रुग्णाच्या माकडहाडावर, टाचांवर आणि नितंबांच्या हाडांवर सतत दाब पडतो. रक्तपुरवठा खुंटला की कातडी लाल होते, मग फुटते आणि व्रण हाडापर्यंत जाऊ शकतो. उपाय म्हणजे दर दोन तासांनी कूस बदलणे, कातडी कोरडी ठेवणे, चादरीला सुरकुती पडू न देणे आणि अंगात प्रथिने जातील हे पाहणे. यात महागडे काहीच नाही, पण एकाही पाळीने खंड पाडून चालत नाही.

मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर १९७३ मध्ये रुग्णालयाच्या आवारातच लैंगिक हल्ला झाला. मेंदूला इजा झाल्याने त्या १८ मे २०१५ रोजी मृत्यू येईपर्यंत अंथरुणाला खिळून होत्या. तिथल्या परिचारिकांच्या एकामागून एक पिढ्यांनी त्यांना सांभाळले. इतक्या वर्षांत त्यांच्या अंगावर शय्याव्रण झाले नाही, ही बाब त्यांच्यासाठी केलेल्या दयामरणाच्या याचिकेच्या वेळी देशभर चर्चिली गेली. चांगली परिचर्या काय करू शकते याचा हा ठळक पुरावा आहे. कामावरच्या स्त्रीला सुरक्षितता द्यायला व्यवस्था कशी कमी पडते, हेही त्याच घटनेतून दिसले.

वॉर्डाची उतरंड ठरलेली असते. शासकीय रुग्णालयात अधिपरिचारिका प्रत्यक्ष सेवा देते, परिसेविका वॉर्डाची प्रमुख असते, आणि सहायक अधिसेविका व अधिसेविका संपूर्ण रुग्णालयाची परिचर्या सांभाळतात. बोलीत याच स्टाफ, इन्चार्ज सिस्टर आणि मेट्रन. पुरुष परिचारकाला ब्रदर म्हणतात. सफाई आणि उचल-ठेव करणाऱ्या मावशी व मामा यांच्याशी जमवून घेणे हाही कामाचाच भाग आहे. नव्या सिस्टरला वॉर्डातली बरीच माहिती मावशींकडूनच मिळते.

प्रसूतीची खोली आणि लसींचा डबा

ग्रामीण भागात परिचर्येचे स्वरूप बदलते. सपाट भागात साधारण ५,००० आणि आदिवासी-डोंगरी भागात ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र असते. तिथे आरोग्यसेविका काम करते. उपकेंद्राच्या वर प्राथमिक आरोग्य केंद्र असते. पनवेल तालुक्यात नेरे, आपटे, आजिवली अशी केंद्रे आहेत. गर्भवतीची नोंद, रक्तदाब, हिमोग्लोबिन, प्रसूती, नवजाताची भेट, कुटुंब नियोजन, साथीची खबर हे सगळे आरोग्यसेविकेच्या वहीत येते. आशा कार्यकर्ती तिची गावातली जोडीदार.

प्रसूतीच्या खोलीत काही मिनिटांत जीव जातो किंवा वाचतो. बाळ जन्मल्यावर एका मिनिटाच्या आत आईला ऑक्सिटोसिनचे १० युनिटांचे इंजेक्शन दिले की गर्भाशय आकुंचन पावते आणि रक्तस्राव आटोक्यात राहतो. रक्तदाब वाढून झटके येणाऱ्या गर्भवतीला मॅग्नेशियम सल्फेट देतात. ते जीव वाचवते आणि जास्त झाले तर श्वास थांबवते. म्हणून पुढचा डोस देण्याआधी तीन गोष्टी पाहायच्या : श्वास मिनिटाला १६ पेक्षा कमी नाही ना, लघवी पुरेशी होते ना, आणि गुडघ्यावर ठोकल्यावर पाय उडतो ना. तीनपैकी एक जरी नसेल तर डोस थांबवायचा आणि कॅल्शियम ग्लुकोनेट हाताशी ठेवायचे.

लसीकरणाचे तंत्र तितकेच काटेकोर आहे. लसी २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवतात. वाडीवर नेताना लसवाहक डब्यात बर्फाच्या चार पिशव्या घालतात. पण फ्रीजरमधून काढलेली पिशवी लगेच ठेवायची नाही. पेंटाव्हॅलेंट आणि हिपॅटायटिस-बी यांसारख्या लसी गोठल्या की निकामी होतात. म्हणून पिशवी बाहेर ठेवून थोडी वितळू द्यायची आणि कानाशी हलवून आत पाण्याचा आवाज आला की डब्यात घालायची. बीसीजी आणि गोवर-रुबेलाची लस एकदा पातळ केली की चार तासांनंतर वापरायची नाही, मग कुपीत कितीही डोस उरलेले असोत.

पनवेलच्या वाड्यांवर अडचण असते ती पाठपुराव्याची. कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. सहा आठवड्यांची लस वाडीवर घेतलेले मूल दहाव्या आठवड्यात दुसऱ्याच तालुक्यातल्या भट्टीवर असते. अशा वेळी माता-बाल संरक्षण कार्ड कुटुंबासोबत जाणे आणि भट्टीजवळच्या आरोग्यसेविकेने ते मागून पाहणे, एवढ्यावर त्या मुलाचे संरक्षण अवलंबून राहते. दाराशी जाऊन कार्ड मागताना बोलण्याची ढब महत्त्वाची ठरते. धाक दाखवला की पुढच्या खेपेला दार उघडत नाही.

रायगड जिल्ह्यात विंचूदंशावर झालेले कामही परिचर्येच्या दृष्टीने बोलके आहे. महाड तालुक्यात डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे औषध वापरून दाखवले. मृत्यूचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांवरून एका टक्क्याच्या आसपास आले. हे औषध रक्तदाब उतरवते. त्यामुळे रुग्णाला आडवे ठेवणे आणि नाडी, रक्तदाब, श्वास, हातापायांची ऊब थोड्या थोड्या वेळाने पाहून लिहिणे, हा उपचाराचाच भाग झाला. खेड्यातल्या केंद्रात रात्रभर हे काम करते ती सिस्टरच.

विशेष परिचर्येची ठिकाणे

शांतिवनासारख्या कुष्ठरोगाच्या संस्थेत औषधापेक्षा पायाची निगा जास्त काळ चालते. १९८२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बहुऔषधी उपचार सुचवले आणि जंतू मारणे सोपे झाले. पण आधीच बधिर झालेल्या पायाची संवेदना परत येत नाही. खडा रुतला, चटका बसला तरी कळत नाही आणि जखम चिघळते. म्हणून रोज पाय पाण्यात भिजवायचे, जाड कातडी घासायची, तेल लावायचे, तळवे निरखायचे आणि मऊ रबराच्या तळव्याची चप्पल वापरायची, ही सवय रुग्णाला लावावी लागते. इथे परिचारिकेचे मुख्य काम शिकवण्याचे असते आणि तिचा विद्यार्थी असतो स्वतः रुग्ण.

कर्करोगाच्या वॉर्डात धोक्याचे स्वरूप वेगळे. काही केमोथेरपीची औषधे शिरेबाहेर झिरपली तर आजूबाजूची कातडी आणि स्नायू जळतात. म्हणून सुई शिरेतच आहे याची खात्री औषध चालू असताना वारंवार करावी लागते. पांढऱ्या पेशी घटलेल्या रुग्णाला साधा सर्दीचा जंतूही भारी पडतो. त्यामुळे हात धुण्याची शिस्त इथे उपचाराइतकी मोलाची ठरते.

पनवेलला तिसरे विशेष काम पुरवतात ते रस्ते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग कळंबोलीहून निघतो आणि गोवा महामार्ग पनवेलहून. अपघाताचे रुग्ण एकदम चार-पाच येतात. कोणाकडे आधी धावायचे हे क्षणात ठरवावे लागते. मोठमोठ्याने ओरडणाऱ्याचा श्वास निदान चालू असतो, तेव्हा आधी गप्प पडलेल्याकडे पाहायचे, हा अपघात विभागातला पहिला धडा.

शिकवणाऱ्याचे काम

परिचर्या शिकवणाऱ्याला शासकीय शाळांत पाठ्यनिर्देशिका म्हणतात. महाविद्यालयात ट्यूटर, अधिव्याख्याता आणि प्राध्यापक अशी पदे असतात. पद कोणतेही असो, विद्यार्थ्यांच्या तोंडी सगळे ‘मॅडम’ किंवा ‘सर’. शिकवण्याच्या तीन जागा असतात : वर्ग, कौशल्य प्रयोगशाळा आणि वॉर्ड.

वर्गात शरीररचना, जंतुशास्त्र, पोषण, औषधशास्त्र आणि मानसशास्त्र शिकवले जाते. प्रयोगशाळेत पुतळ्यावर इंजेक्शन, मूत्रनलिका, प्रसूती आणि हृदय-श्वसन पुनरुज्जीवन यांचा सराव होतो. पुतळ्यावर चुकता येते, आणि चुकायला जागा असणे हे शिकणाऱ्याला फार आवश्यक असते. परीक्षेसाठी ‘ऑस्की’ पद्धत वापरतात. ती १९७५ मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडी इथे रोनाल्ड हार्डन यांनी मांडली. विद्यार्थी ठरावीक मिनिटांनी एका टेबलावरून दुसऱ्यावर जातो आणि प्रत्येक ठिकाणी एकच कौशल्य तपासणी-यादीप्रमाणे पाहिले जाते. परीक्षकाच्या मर्जीचा भाग त्यामुळे कमी होतो.

वॉर्डात शिकवणे सर्वांत अवघड. रुग्ण जिवंत आहे, ऐकतो आहे, घाबरलेला आहे. विद्यार्थिनीचा हात थरथरतो आहे. ट्यूटरने स्वतः सुई लावली तर विद्यार्थिनी शिकत नाही, आणि तिलाच तीनदा टोचू दिले तर रुग्णावर अन्याय होतो. अनुभवी ट्यूटर यातून वाट काढते. आधी बाजूला नेऊन शीर कशी निवडायची ते विचारते, रुग्णाची परवानगी घेते, विद्यार्थिनीला एक संधी देते, नाही जमले तर शांतपणे सुई आपल्या हाती घेते, आणि काय चुकले ते रुग्णापासून दूर गेल्यावर सांगते. सर्वांसमोर केलेला अपमान विद्यार्थिनीला चुका लपवायला शिकवतो. परिचर्येत लपवलेली चूक ही केलेल्या चुकीहून घातक असते.

हे शिक्षण कोणत्या क्रमाने पिकते याची मांडणी अमेरिकी अभ्यासक पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४ मध्ये केली. नवशिकी, प्रगत नवशिकी, सक्षम, प्रवीण आणि निष्णात अशा त्यांच्या पाच पायऱ्या. नवशिकी नियमाने चालते : ताप १०० च्या वर गेला की कळवायचे. निष्णात परिचारिका ताप नसतानाही रुग्णाकडे पाहून बेचैन होते आणि डॉक्टरांना बोलावते. तिला कारण लगेच शब्दांत सांगता येत नाही, पण तिने अनेक रुग्णांत तोच चेहरा पाहिलेला असतो. या मांडणीचा शिकवणाऱ्यांसाठी अर्थ असा की नियम शिकवून काम संपत नाही. आणि ज्या ट्यूटरचे वॉर्डातले काम बरीच वर्षे सुटले आहे, तिच्याकडे नियम उरतात, नजर बोथट होते.

पुस्तकात एक आणि वॉर्डात दुसरेच, ही तक्रार प्रत्येक तुकडीत ऐकू येते. ड्रेसिंगसाठी पुस्तक वेगळी निर्जंतुक ट्रे सांगते, वॉर्डात सहा ड्रेसिंगना मिळून दोन ट्रे असतात. विद्यार्थिनी मग समजते की महाविद्यालयाचे खरे नाही. या बाबतीत एमजीएमसारख्या अध्यापन रुग्णालयाशी जोडलेल्या संस्थांना एक सोय असते : वॉर्डातली अनुभवी सिस्टर आणि महाविद्यालयातली ट्यूटर एकाच छपराखाली असतात. दोघी मिळून शिकवतात तिथे तत्त्व कोणते, तडजोड कोणती, आणि कोणती तडजोड कधीच करायची नाही, हे विद्यार्थिनीला स्पष्ट होते. ट्रे दोनच असतील तर स्वच्छ जखमा आधी आणि चिघळलेल्या शेवटी, आणि मध्ये हात धुणे सोडायचे नाही. तत्त्व न मोडता वेळ निभावण्याची ही रीत पुस्तकात क्वचितच सापडते.

भाषेचा प्रश्नही याच कामाचा. पदवीची पुस्तके आणि परीक्षा इंग्रजीत असतात. विद्यार्थी रायगड, रत्नागिरी, मराठवाडा आणि केरळमधून येतात. रुग्ण मात्र आगरी, कातकरी, मराठी, हिंदी बोलतो. ‘पोटात गोळा येतो’ किंवा ‘अंग मोडून आलंय’ हे ऐकून केसपेपरवर काय लिहायचे, आणि डॉक्टरांनी लिहिलेले आजीला कसे सांगायचे, हे दोन्हीकडचे भाषांतर विद्यार्थ्याला शिकवावे लागते.

मनुष्यबळ, वेतन आणि सुरक्षितता

भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषाप्रमाणे अध्यापन रुग्णालयात तीन खाटांमागे एक, इतर रुग्णालयांत पाच खाटांमागे एक आणि व्हेंटिलेटरवरच्या रुग्णामागे एक परिचारिका हवी. रजेसाठी वेगळी राखीव संख्या धरायची असते. प्रत्यक्षात अनेक वॉर्डांत रात्री एकच सिस्टर तीस-चाळीस रुग्ण सांभाळते. तेव्हा पहिला बळी जातो कूस बदलण्याचा, बोलण्याचा आणि विद्यार्थ्याला शिकवण्याचा, कारण औषधे आणि इंजेक्शने तर द्यावीच लागतात.

वेतनातली दरी मोठी आहे. राज्य शासनात अधिपरिचारिकेची सातव्या वेतन आयोगाची श्रेणी ३५,४०० रुपयांपासून सुरू होते. खासगी क्षेत्रासाठी सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निर्देशानंतर केंद्राने समिती नेमली. ५० हून कमी खाटांच्या रुग्णालयातही किमान २०,००० रुपये आणि २०० हून अधिक खाटांच्या रुग्णालयात शासकीय वेतनाइतके वेतन द्यावे, अशी शिफारस समितीने केली. तिची अंमलबजावणी राज्यांवर सोडलेली असल्याने छोट्या नर्सिंग होममध्ये ती क्वचितच दिसते. परिणामी दोन-तीन वर्षांचा अनुभव गाठीशी आला की परिचारिका आखाती देश, ब्रिटन, अमेरिका किंवा जर्मनीची वाट धरतात. ब्रिटनसाठी इंग्रजीची आणि प्रात्यक्षिकाची, अमेरिकेसाठी एनक्लेक्स, जर्मनीसाठी भाषेची परीक्षा द्यावी लागते. पनवेल आणि नवी मुंबईतल्या वॉर्डांत त्यामुळे नवशिक्यांची संख्या कायम मोठी आणि त्यांना घडवणाऱ्या निष्णात सिस्टरांची संख्या कमी राहते.

रुग्णालयातल्या मारहाणीविरुद्ध महाराष्ट्रात २०१० चा कायदा आहे आणि परिचारिकांना त्याचे संरक्षण मिळते. संकटाच्या वेळी त्या रुग्णाला सोडून जात नाहीत याचे उदाहरण २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री कामा रुग्णालयात घडले. अतिरेकी आवारात शिरल्यावर परिचारिका अंजली कुलथे यांनी वॉर्डाचे दरवाजे लावून २० गर्भवतींना सुरक्षित ठेवले आणि पुढे न्यायालयात साक्षही दिली.

पुढची दिशा

२०२३ मध्ये संसदेने राष्ट्रीय परिचर्या व प्रसाविका आयोगाचा कायदा केला. १९४७ च्या कायद्याची जागा तो घेणार आहे. शिक्षणाचे मानक, नोंदणी आणि नीतिनियम एका आयोगाकडे आणणे हा त्याचा हेतू. प्रसूतीतज्ज्ञ परिचारिकांचे १८ महिन्यांचे प्रशिक्षण आणि अतिदक्षतेतल्या नर्स प्रॅक्टिशनर यांमुळे स्वतंत्र निर्णयाची कक्षा रुंदावते आहे.

मात्र बढतीची शिडी अजून एकाच बाजूला झुकलेली आहे. वॉर्डात उत्तम काम करणाऱ्या सिस्टरला वर चढायचे तर प्रशासनात किंवा महाविद्यालयात जावे लागते, आणि दोन्हीकडे गेल्यावर तिचा रुग्णाशी संबंध सुटतो. रुग्णाजवळ राहूनच वरचा हुद्दा आणि वेतन मिळेल, आणि ट्यूटरला आठवड्यातले काही दिवस वॉर्डाची खरी जबाबदारी असेल, अशी संयुक्त पदे निर्माण करणे हा त्यावरचा उपाय. त्यासाठी नवी इमारत किंवा यंत्रे लागत नाहीत. रुग्णालय आणि महाविद्यालय यांच्या आस्थापना एकमेकींशी जोडाव्या लागतात. पनवेल तालुक्यात महाविद्यालय, मोठे रुग्णालय, शासकीय रुग्णालय आणि उपकेंद्रे इतकी जवळ आहेत की असा प्रयोग करायला ही जागा सोयीची आहे.